इंजिनाविना उड्डाण: विदर्भाच्या उन्हाळ्यात ग्लायडरला आकाश कसं मिळेल?

कन्हानकाठ
ग्लायडिंगवर मराठीत जे सापडतं ते बहुतेक ‘पाखरागत तरंगायचं सुख’ एवढ्यावर थांबतं. आकडे नाहीत, क्रम नाही, चुकतं कुठे तेही नाही. म्हणून हा धागा काढतोय. महाराष्ट्रात ग्लायडिंग म्हटलं की पुण्याचं हडपसर डोळ्यापुढे येतं, पण विदर्भाचं आकाश पुण्याहून फार निराळं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, मे महिन्यात पारा ४४-४५, हवा कोरडीठाक, काळी जमीन उघडी. ही परिस्थिती बिनइंजिनाच्या विमानाला मानवते का? थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा, किती उंच जातात, उतरताना उन्हाचा काय फरक पडतो, शेतात उतरावं लागलं तर काय बघायचं?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सोनेगावच्या विमानतळाभोवतीची हवाई हद्द नियंत्रित आहे, तिथे वायुदलाची आणि प्रवासी विमानांची वर्दळ असते. तेव्हा चर्चा नागपूरच्या आजूबाजूच्या मोकळ्या मुलुखाबद्दल आहे असं धरून लिहा.

भारमापक
धागा चांगला आहे. मुळापासून सुरू करू.

ग्लायडर भोवतालच्या हवेच्या तुलनेत सतत खालीच येत असतं. वर जातं ते ज्या हवेत आहे ती हवाच वर चाललेली असते म्हणून. हे एकदा पक्कं झालं की बाकीचा हिशोब सोपा होतो.

उदाहरणासाठी एएसके-२१ घ्या. जगभर शिकवण्यासाठी वापरतात ते दोन आसनी ग्लायडर. पंखविस्तार १७ मीटर, दोघांसकट कमाल वजन ६०० किलो. ताशी ९० किलोमीटरला त्याचं ग्लाइड गुणोत्तर साधारण ३४, म्हणजे एक मीटर उंची सोडली की ३४ मीटर पुढे. ९० चा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भागिले ३४ केलं की सेकंदाला सुमारे ०.७३ मीटर घसरण येते. वारा शांत असेल तर १००० मीटर उंचीवर ३४ किलोमीटर आणि जवळपास २३ मिनिटं हातात आहेत.

आता ताशी २० चा वारा समोरून आला असं धरा. जमिनीवरचा वेग ७० उरतो, त्याच १००० मीटरमध्ये २६ किलोमीटरच होतात. आणि सेकंदाला १ मीटरने खाली जाणाऱ्या हवेत सापडलात तर घसरण १.७३ होते, गुणोत्तर १४-१५ वर येतं. नवखा माणूस इथे काडी (नाक वर-खाली करायची आणि कलवायची दांडी) मागे ओढतो, नाक वर करतो, कारण मनाला वाटतं की वर धरलं म्हणजे टिकेल. करायचं उलट असतं: नाक थोडं खाली, वेग ११०-१२०, आणि त्या हवेतून लवकर बाहेर. समोरच्या वाऱ्यातही वेग वाढवायचा. थर्मलमध्ये आलात की कमी करायचा. पॉल मॅकक्रेडी यांच्या नावाने ओळखला जातो तो वेगाचा नियम म्हणजे याच तत्त्वाचं गणित. पुढचा थर्मल जितका जोरकस मिळायची खात्री, तितकं दोन थर्मलच्या मधलं अंतर वेगाने कापायचं.

सीताबर्डी_चौक
दोघं बसले की वजन वाढतं. मग लवकर खाली येणार ना?

भारमापक
@सीताबर्डी_चौक, गुणोत्तर बदलत नाही, ते ज्या वेगाला मिळतं तो वेग वाढतो. जड ग्लायडर त्याच कोनात, फक्त जास्त वेगाने घसरतं. म्हणूनच स्पर्धेतले वैमानिक पंखांच्या टाक्यांत मुद्दाम पाणी भरतात, आणि थर्मल मंदावले की ते सोडून देतात, कारण जड ग्लायडर थर्मलमध्ये हळू चढतं.

वजनाचा खरा धोका निराळा आहे. पुढच्या आसनावरचा माणूस फार हलका असला तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग काडी हलकी लागते, नाक चटकन वर जातं, आणि स्पिनमध्ये, म्हणजे गरगर फिरत खाली पडण्यात, गेलं तर बाहेर काढणं अवघड होतं. कॉकपिटमध्ये किमान वजनाची पाटी असते ती याचसाठी. त्यापेक्षा वजन कमी असेल तर शिसाचे वजनाचे ठोकळे ठरलेल्या जागी बोल्टने बसवायचे. उशीखाली सैल काही ठेवायचं नाही, ते सरकून काडीत किंवा पायपट्टीत (पायाने शेपटीचं सुकाणू फिरवायची पट्टी) अडकतं.

वावटळ
थर्मलचं मी घेतो. विदर्भाचा उन्हाळा म्हणजे या विषयाची खाणच आहे.

पहिला ठोकताळा: जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५. आलं ते ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची, मीटरमध्ये. मे महिन्यातली दुपार: तापमान ४३, दवबिंदू १०. फरक ३३, तळ ४१२५ मीटर. ऑक्टोबरची उघडी दुपार: ३३ आणि १८, तळ १८७५ मीटर. श्रावणातली उघडीप: ३० आणि २४, तळ फक्त ७५० मीटर. म्हणजे ज्या दिवसांत माणूस घराबाहेर पडत नाही त्याच दिवसांत ग्लायडरला सगळ्यात उंच छत मिळतं.

पण मे महिन्यात बरेचदा ढग धरतच नाहीत. थर्मल त्या उंचीला पोचण्याआधीच थांबतात आणि आकाश कोरं राहतं. याला निळे थर्मल म्हणतात. वर जाणारी हवा कुठे आहे ते दाखवायला ढग नसतो, म्हणून जमीन वाचावी लागते.

किती वर जातील ते कसं काढायचं? सोनेगावच्या हवामान केंद्रातून फुगा सोडतात. पहाटे साडेपाचच्या वेळेचं निरीक्षण वापरायचं. तत्त्व एवढंच की वर जाणारी कोरडी हवा दर १०० मीटरला जवळपास १ अंशाने थंड होते. समजा पहाटे जमिनीवर २९ अंश, ६०० मीटर वर ३१, १५०० मीटरवर २५ आणि ३००० मीटरवर १२. पहाटे वरची हवा जमिनीपेक्षा गरम, म्हणजे झाकण बसलेलं आहे. हे झाकण फुटायला जमिनीवर ३१ + ६ = ३७ अंश व्हावे लागतात. १५०० मीटरपर्यंत पोचायला २५ + १५ = ४०. आणि ३००० मीटरला १२ + ३० = ४२. आता कमाल तापमानाचा अंदाज बघा. ४३ असेल तर दुपारी ३००० च्या वर आकाश उघडतं. ३९ वर अडकलं तर १५०० सुद्धा मिळत नाहीत. चार अंशांनी दिवस बदलतो, आणि म्हणून निव्वळ ‘आज लई ऊन आहे’ एवढ्यावर उडायचा बेत करू नये.

गोरेवाडा
भाऊ, जमीन वाचायची म्हणजे काय बघायचं? नागपूरच्या हिशोबाने सांगा.

वावटळ
@गोरेवाडा, नांगरून कोरडी पडलेली काळी जमीन, खेड्याची कौलारू-पत्र्याची वस्ती, मिहानसारखे मोठे पत्र्याचे शेड, खडीच्या खाणी, डांबरी पट्टे: हे तापतात. ओलिताचं शेत, संत्र्याची बाग, दाट झाडी आणि तलाव हे तापत नाहीत. अंबाझरी किंवा गोरेवाड्यासारख्या पाण्यावर दुपारी हवा बसते, तिथे उंची जाते. पण मजा अशी की थर्मल बहुतेक सीमेवर सुटतो. तापलेलं शेत संपून बाग किंवा टेकडी सुरू होते तिथे. जमिनीलगतची गरम हवा वाऱ्याने सरकत येते, आडवं काही आलं की उचलली जाते.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे वावटळ. धुळीचा खांब उभा राहिला की थर्मलचा पाय तिथे आहे. पण ३०० मीटरच्या खाली असताना तिच्यात शिरायचं नाही, तळाशी ती अरुंद आणि दांडगी असते, एक पंख वर आणि एक खाली खेचला जाऊ शकतो. दुसरी खूण घारी. पंख न हलवता गिरक्या घेत वर चाललेल्या असतील तर विश्वास ठेवा, पंख मारत असतील तर सोडा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांचा धूर वाऱ्याची दिशा सांगतो, आणि वर जाताना कुठे वाकतो त्यावरून उंचीगणिक वारा कसा बदलतो तेही कळतं.

भारमापक
वावटळ यांनी थर्मल दाखवला, आता त्यात बसायचं गणित. ९० च्या वेगाला ३० अंश कलून फिरलात तर गिरकीची त्रिज्या ११० मीटर, एक फेरी सुमारे २८ सेकंदांत. ४५ अंश कलून फिरलात तर त्रिज्या ६४ मीटर, फेरी १६ सेकंदांत. अरुंद थर्मलमध्ये गाभ्याजवळ राहायला कलावं लागतं, पण फुकट नाही. ४५ अंशांना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख भार पेलत नाही तो) १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. ६५ ला स्टॉल होणारं यंत्र ४५ अंशांत ७७ ला होतं.

गाभा शोधायचा नियम: चढण सुधारत असेल तर कल कमी करा, बिघडत असेल तर कल वाढवा, सारखी असेल तर जसे आहात तसेच राहा. हे करताना व्हॅरिओकडे (चढण-घसरण दाखवणाऱ्या मापकाकडे) टक लावून बसू नये. व्हॅरिओ सेकंद-दोन सेकंद मागे असतो. त्याच्याआधी शरीराला कळतं.

आणि दुसरं ग्लायडर आधीच त्या थर्मलमध्ये असेल तर ते ज्या दिशेने फिरतंय त्याच दिशेने फिरायचं. उंची वेगळी असली तरी.

धंतोली_वाचक
‘शरीराला कळतं’ हे नीट उलगडून सांगा ना कोणी. आत बसल्यावर नेमकं काय जाणवतं? शांतता असते म्हणतात.

उंचसखल
@धंतोली_वाचक ताई, पूर्ण शांतता नसते. इंजिनाचा आवाज नाही म्हणून हवेचा आवाज ऐकू येतो, आणि तो कामाचा आवाज आहे. ९० ला कॅनोपीच्या (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या) कडेने एकसारखी सळसळ असते. वेग वाढला की ती चढते, कमी झाला की विरते. आवाज एकदम मंद झाला, काडी मऊ आणि ढिली लागायला लागली, नाक नेहमीपेक्षा वर दिसलं, तर स्टॉल जवळ आहे. वेगमापकाकडे न बघता हे ओळखता यावं म्हणून शिक्षक कधीकधी तो झाकून ठेवतात.

थर्मलच्या कडेला आधी बहुधा थोडी जास्त घसरण लागते. मग किंचित थरथर, आणि पाठीमागून कुणी आसन उचलल्यासारखा दाब. एक पंख आपोआप उचलला गेला तर थर्मल त्या बाजूला आहे. ग्लायडर मात्र दुसऱ्या बाजूला, थर्मलपासून दूर वळू पाहतं. त्याला तसं जाऊ न देता उचललेल्या पंखाकडे वळवायचं. वळताना काडी आणि पाय एकदम. पंख लांब असल्याने नुसती काडी कलवली तर नाक उलट्या बाजूला जातं. कॅनोपीवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा दोरा ते लगेच दाखवतो: दोरा उजवीकडे गेला तर डावा पाय, डावीकडे गेला तर उजवा. शंभर उपकरणांत या दोऱ्याइतकं प्रामाणिक दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

मे महिन्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. जमिनीवर ४४ अंश असताना ३७०० मीटर वर सुमारे ७ अंश असतात. खाली घामाने भिजलेला शर्ट वर अंगावर गार पडतो. बाहीचा कोरडा सदरा सोबत हवा, आणि पाण्याची पिशवी नळीसकट. ३००० मीटरच्या पुढे प्राणवायू विरळ होतो, विचार मंदावतात, आणि ज्याचे मंदावतात त्याला ते कळत नाही. प्राणवायूची सोय नसेल तर वर आकाश उघडं असलं तरी थांबायचं.

शिवाय धुळीमुळे क्षितिज दिसत नाही. खाली करडं, वर करडं. अशा दिवशी नाकाची पातळी क्षितिजावरून धरता येत नाही, आवाज आणि वेगमापक यांवरच भिस्त.

विंचवाला
वर जायचं कसं हे कुणीच लिहिलं नाही, मी लिहितो. भारतात शिक्षणासाठी विंच, म्हणजे केबल गुंडाळत ग्लायडर ओढणारं जमिनीवरचं यंत्र, जास्त चालतो, कारण विमानाने ओढण्यापेक्षा स्वस्त.

१००० मीटर केबल असली तर वाऱ्याप्रमाणे ३५० ते ४५० मीटर उंची मिळते. केबल चार-पाच मिलिमीटर जाडीची पोलादी तार, किंवा हल्ली कृत्रिम धाग्याचा दोर, जो हलका असतो आणि तुटल्यावर कमी उसळतो. ग्लायडरकडच्या टोकाला कड्या, मग वीक लिंक, मग दोराचा तुकडा, मग छोटं पॅराशूट. वीक लिंक म्हणजे घरातला फ्यूज: ओढा जास्त झाला की पंखाआधी तो तुटावा. रंगावरून ओळखतात. काळा १००० डेकान्यूटन, तपकिरी ८५०, लाल ७५०, निळा ६००, पांढरा ५००. एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा ओढा. कोणत्या ग्लायडरला कोणता ते त्याच्या पुस्तिकेत असतं, आणि जवळ नाही म्हणून दुसऱ्या रंगाचा लावायचा नाही. कमजोर लावला तर मध्येच तुटतो, जास्त मजबूत लावला तर त्याचं असणं-नसणं सारखं.

आत बसल्यावरचा क्रम: काडी-पाय पूर्ण हलतात का, वजन, पट्टे, उपकरणं, ट्रिम (काडीवरचा ताण जुळवायची सोय), कॅनोपी बंद आणि कडी लागलेली, एअरब्रेक (उंची घालवायला पंखातून बाहेर येणाऱ्या फळ्या) बंद आणि लॉक, आणि शेवटी ‘केबल तुटली तर काय’ हे मोठ्याने म्हणायचं. मुठींचे रंग ठरलेले असतात: पिवळी केबल सोडायची, निळी एअरब्रेकची, हिरवी ट्रिमची, लाल आणीबाणीत कॅनोपी फेकायची. निघताना डावा हात पिवळ्या मुठीवर. जमिनीवर धावताना एक पंख खाली जायला लागला आणि सावरत नाही असं दिसलं तर टेकण्याआधी सोडून द्यायचं, विचार करत बसायचं नाही. पंख गवतात अडकला तर दोन सेकंदांत ग्लायडर उलटतं.

जमीन सुटल्यावर आधी उथळ चढायचं. वेग ९५-१०० च्या पुढे गेला की मग नाक हळूहळू वर, चार-पाच सेकंद घेऊन, ४० ते ४५ अंशांपर्यंत. घाईने ओढलं तर पंखांवर भार एकदम चढतो, त्याबरोबर स्टॉलचा वेगही, आणि एक पंख आधी स्टॉल झाला तर ग्लायडर जमिनीजवळच पाठीवर पडतं. विंचवरच्या सगळ्यात वाईट अपघातांचं हे कारण. ही चार-पाच सेकंदं वाचवायची नाहीत.

आता केबल तुटली तर. नाक लगेच खाली, उतरताना असतं तितकं. पण नाक खाली आलं म्हणजे वेग आला असं नाही. ४५ अंशांत चढत असताना वेग फार पटकन मरतो आणि परत यायला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर ना वळायचं, ना एअरब्रेक उघडायचे. वेग ९० च्या पुढे दिसला की पिवळी मूठ दोनदा ओढायची, कारण तुटलेला तुकडा अजून लटकलेला असू शकतो. मग ठरवायचं. पुढे जागा पुरते? सरळ उतरा. पुरत नाही आणि उंची आहे? छोटं सर्किट, म्हणजे मैदानाला फेरी घेऊन उतरणं. १०० मीटरच्या खाली बहुतेक सरळच.

सीताबर्डी_चौक
स्टॉल म्हणजे सरळ खाली पडणं ना? इंजिन नाही तर सावरणार कसं?

विंचवाला
नाही. स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही, हवा पंखाला कोणत्या कोनात भिडते त्याच्याशी आहे. काडी थोडी पुढे केली की कोन कमी होतो, हवा पुन्हा पंखाला धरते, पन्नास मीटरच्या आत काम होतं. स्पिन लागला तर: आयलेरॉन (कलवायला पंखांच्या टोकाकडे असलेल्या हलत्या पट्ट्या) मध्ये, फिरण्याच्या उलट पूर्ण पाय, मग काडी पुढे फिरणं थांबेपर्यंत, पाय मध्ये, आणि सावकाश बाहेर. सर्किटमध्ये कमी उंचीवर नुसत्या पायाने वळण ओढायचं आणि नाक वर धरायचं, या जोडीतून स्पिन लागतो. त्यातून सावरायला उंचीच नसते.

संत्री_मार्केट
मोठ्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर तेही ग्लायडरच होतं म्हणतात. खरं का?

भारमापक
खरं आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपल्यावर कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. वैमानिकाला ग्लायडिंगचा अनुभव होता, त्याने उंची घालवायला ग्लायडरमधली साइडस्लिप (तिरकं घसरणं) वापरली. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३३० अटलांटिकवर सुमारे १९ मिनिटं इंजिनांविना घसरत अझोरेस बेटांवर उतरलं. दोन्ही वेळा सगळे वाचले. यावर वेगळा धागा काढा, इथे ग्लायडरचंच चालू ठेवू.

कन्हानकाठ
उतरण्यावर उन्हाचा परिणाम कोणी सांगेल का? माझा मूळ प्रश्न तोच होता.

भारमापक
@कन्हानकाठ, घ्या. ३१० मीटर उंचीला प्रमाण तापमान १३ अंश असतं. ४४ अंश म्हणजे ३१ जास्त. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३७२० फूट, त्यात मूळ सुमारे १०२० फूट. एकूण ४७४० फूट, म्हणजे हवा जवळपास १४५० मीटरवर असल्याइतकी विरळ. वेगमापक ९० दाखवतो तेव्हा खरा वेग ९६-९७ असतो.

महत्त्वाचं हे की स्टॉल, अ‍ॅप्रोच, सगळे वेग मापकावर तेच ठेवायचे. त्यात काही मिळवायचं नाही. फक्त जमीन जास्त वेगाने सरकताना दिसते, आणि ती बघून ‘वेग जास्त झाला’ असं वाटून नाक वर करायचा मोह होतो. तो टाळायचा. उतरतानाचा वेग म्हणजे स्टॉलच्या १.३ पट आणि वाऱ्याचा अर्धा: ६५ गुणिले १.३ म्हणजे ८५, वारा २० असेल तर आणखी १०, म्हणजे ९५. टेकल्यावर धाव साधारण १५ टक्के जास्त लागेल. विंचचं इंजिनही याच विरळ हवेत श्वास घेतं, त्याची ताकद कमी होते, हे विंचवाल्याने लक्षात ठेवायचं.

ग्लायडरला ‘परत वर जाऊ’ हा पर्याय नाही. म्हणून अंतिम टप्प्यात थोडं उंच यायचं आणि एअरब्रेक निम्मे उघडून घसरायचं. कमी पडतंय वाटलं तर बंद करता येतात, जास्त वाटलं तर पूर्ण उघडता येतात. दोन्हीकडे वाव राहतो. काठोकाठ येणाऱ्याकडे फक्त एकच वाव असतो, तोही चुकीच्या बाजूचा.

सातपुडा_पायथा
शेतात उतरायचं मी लिहितो. आपल्याकडे हा भाग पुस्तकातून शिकता येत नाही, कारण पुस्तकं गव्हाच्या सपाट शेतांवर लिहिलेली.

जमिनीपासून ६०० मीटरवर भाग ठरवा, ४५० ला शेत ठरवा, ३०० ला सर्किट सुरू करा आणि मग मन बदलू नका. आठवण: उंचीमापक निघालेल्या जागेपासून मोजतो. उत्तरेला रामटेक-सातपुड्याकडे गेलात तर जमीन वर येते, मापक तेच दाखवतो.

एप्रिल-मे मध्ये गहू-हरभरा निघालेलं असतं, शेतं मोकळी दिसतात. त्यातलं हरभऱ्याचं उत्तम. पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी असलेलं शेत नको, ती खोडं पंखाची खालची कातडी फाडतात. तुरीचे खुंटही तसेच. संत्र्याची बाग वरून हिरवी चादर दिसते, आत उतरणं म्हणजे झाडावर आदळणं. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बाभळी असतात, आणि धुरा स्वतः फूटभर उंच असला तरी चाक मोडायला पुरतो, तेव्हा एका शेताची लांबी मोजा, दोन जोडून नाही. २५०-३०० मीटर सलग हवेत. दारातच दहा मीटरचं झाड असेल तर त्याच्या दहापट, म्हणजे १०० मीटर वाया गेले समजा.

काळ्या जमिनीची खास गोष्ट: मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या वरून दिसत नाहीत. नांगरलेलं असेल तर भेगा मोडलेल्या असतात पण ढेकळं दगडासारखी. मला विचाराल तर वखरलेलं शेत पहिलं, तासांच्या (मातीतल्या सरळ ओळींच्या) दिशेने उतरायचं, टेकताना वेग शक्य तितका कमी, काडी पूर्ण मागे. उतार असेल तर चढाच्या दिशेने, वारा थोडा पाठीमागून असला तरी. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरा, आणि मोटारपंपाच्या खोलीकडे एक तार जातेच.

पावसाळ्यात जून ते ऑक्टोबर या मातीवर उतरूच नये. चाकाच्या खाचेत चिखल भरतो, चाक थांबतं, शेपूट वर जाते.

गोरेवाडा
वळवाच्या पावसाचं काय? एप्रिल-मे मध्ये दुपारी एकदम अंधारून येऊन राहिलं की अर्ध्या तासात सगळं उडवून नेतं.

वावटळ
@गोरेवाडा, बरोबर. दुपारी तीननंतर पश्चिमेला किंवा उत्तरेला ढग मनोऱ्यासारखे वर चढायला लागले की उडणं थांबवायचं. वादळ १५-२० किलोमीटर दूर असताना त्याचा गार झोत जमिनीलगत धुळीची भिंत घेऊन पुढे येतो. वाऱ्याची दिशा पूर्ण उलटते, वेग तिप्पट होतो. त्या क्षणी अंतिम टप्प्यात असलेल्या ग्लायडरला पाठीमागून वारा लागतो, मापकावरचा वेग एकदम पडतो. ढगाखालची ओढ सुरुवातीला फार गोड असते, सेकंदाला पाच-सहा मीटर चढण विनासायास. तिथून लवकर निघणं हेच शहाणपण, आणि निघायला पूर्ण एअरब्रेक व वेग दोन्ही लागतात.

शाळाबाई
आठवीच्या मुलांना वर्गात दाखवता येईल असं काही सांगाल का? स्वस्तात.

उंचसखल
@शाळाबाई, ३ मिलिमीटर जाडीचा डेप्रॉन किंवा पातळ थर्मोकोल शीट घ्या. पंख ४० सेंटीमीटर लांब, ७ रुंद. मध्ये हलका चिरा देऊन प्रत्येक टोक अडीच सेंटीमीटर वर उचला आणि चिकटवा, नाहीतर तो सरळ उडणार नाही. दांडीला बांबूची ३० सेंटीमीटरची काडी. मागचा आडवा पंख १६ बाय ३.५, उभा ६ बाय ४. नाकाला मळलेली चिकणमाती. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून सव्वादोन सेंटीमीटरवर बोटांच्या टोकांवर यावा.

बंद खोलीत, डोक्याच्या उंचीवरून, किंचित खाली नाक करून हलकेच ढकला. फेकायचं नाही. वर चढून थांबतो आणि आपटतो? नाकात माती वाढवा. सरळ जमिनीत जातो? माती काढा. एका बाजूला वळतो? उभ्या पंखाची मागची कड विरुद्ध बाजूला केसभर वाकवा. एका वेळी एकच बदल. मग उंची आणि अंतर मोजून भागाकार करायला लावा. पावणेदोन मीटरवरून दहा मीटर गेला तर गुणोत्तर सहाच्या जवळ, आणि एएसके-२१ चं ३४ का येतं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. लांब-अरुंद पंखाचं उत्तर तिथून सुरू होतं.

कन्हानकाठ
शेवटचं एक. जमिनीवर उभं असताना उन्हापासून कसं जपायचं?

विंचवाला
कॅनोपी उघडी आणि मोकळी ठेवायची नाही. ती भिंगासारखी काम करते, आसनाचं कापड जळतं. पांढरं सुती आवरण कायम. फायबरच्या पुष्कळ ग्लायडरांची मजबुती ५४ अंशांना तपासलेली असते आणि रंग पांढरा असतो तो त्यासाठीच, म्हणून गडद पट्टे रंगवायचे नाहीत आणि मे महिन्यात पत्र्याच्या बंद शेडमध्ये हवा खेळती ठेवायची. उड्डाणाआधी आतल्या धातूच्या कड्या कपड्याने धरून बघा, पट्ट्याचं बक्कल पोळतं.

बाहेर उभं करताना ज्या बाजूने वारा येतो तो पंख खाली, त्यावर टायर किंवा वाळूची पिशवी, एअरब्रेक उघडे, काडी पट्ट्याने बांधलेली. वाऱ्याची दिशा फिरली की ग्लायडर फिरवून ठेवायला एक माणूस नेमून ठेवा. दुपारच्या वावटळी मोकळ्या पंखाखाली शिरल्या की चारशे किलोचं ग्लायडर सहज पालथं होतं.